चपलेतला फोन

सरांचा फोन चपलेत असायचा. कुणाच्याही दारात गेले की चपला काढायच्या, उजव्या चपलेत तो रबरबँड लावलेला बटनांचा फोन ठेवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. मग ते आमचं कागलचं घर असो, बँक असो, नाहीतर कुलगुरूंचं ऑफिस असो. शिपाई बिचारा म्हणायचा, "सर, कोण तर उचलून नेईल की वो." सर म्हणायचे, "नेऊ दे. विकला तर वडापाव बी येणार न्हाय त्याचा." आत गेल्यावर मात्र दाराजवळचीच खुर्ची धरायचे. समोरचा माणूस कितीही मोठा असो, यांचा एक कान बाहेर. बोलता बोलता मध्येच उठायचे, दारापर्यंत जायचे, वाकून फोनकडं बघायचे आणि परत येऊन बसायचे. लोकांना राग यायचा. मलाही यायचा, खोटं कशाला सांगू.

आता गंमत बघा. हा माणूस शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक, आणि त्याचा विषय कोणता, तर मोबाईलवरून मुलं कशी शिकतात. आमच्या भागात या विषयाला पहिल्यांदा हात घातला तो सरांनी. मी आधी त्यांच्या प्रकल्पावर सहायक होते, मग त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. लोक मला विचारायचे, "का गं, तुझ्या गाईडला साधा स्मार्टफोन चालवता येत नाही काय?" येत होता. तुमच्या-आमच्यापेक्षा चांगला येत होता.

एकदा कॉलेजात मोठं चर्चासत्र होतं. मोबाईल अध्ययनावरच्या संशोधनाचे नवे कल, असला भारदस्त विषय. सगळे पाहुणे बूट घालून हॉलमध्ये, सर एकटे अनवाणी. पुण्याचे एक पाहुणे पडद्यावर रंगीत बाण दाखवत सांगत होते की आधी नुसते मेसेज होते, मग ॲप आली, मग खेळातून शिकणं आलं, आता यंत्रच प्रत्येक मुलाला ओळखून शिकवणार. तेवढ्यात बाहेर चपलेतला फोन वाजला. आणि त्याच वेळी कँटीनच्या खरकट्यावर पोसलेलं आमच्या कॉलेजचं कुत्रं ती चप्पल तोंडात धरून पळालं.

सर उठले ते सुसाट. अनवाणी, मैदानातनं, पाहुण्यांच्या गाडीला वळसा घालून, "आरं सोड! सोड की भाड्या!" करत. आम्ही सगळे खिडकीत. हसून हसून पोट दुखायची वेळ आली. कुंपणापाशी कुत्र्यानं चप्पल टाकली तेव्हा फोन वाजायचा थांबला नव्हता. सरांनी तो कानाला लावला आणि उन्हात तसेच उभे राहिले. कंपनीचा फोन होता, कॉलर ट्यूनला गाणं ठेवा म्हणून सांगणारा. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग खरचटलेला गुडघा चोळत आत येऊन दाराजवळ बसले. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर हात वर करून म्हणाले, "पावणं, कल कुठं चाललाय ते कळालं. पोरं कुठं चालल्यात?"

पाहुणे गोंधळले. "कुठली पोरं सर?"

"तुमच्या आकड्यातनं गळालेली."

हे त्यांचं पालुपद होतं. "गळालं कोण?" शिक्षणातल्या प्रयोगांची एक रीत असते. मुलांची सुरुवातीला एक चाचणी घ्यायची, मग काही महिने आपल्या नव्या पद्धतीनं शिकवायचं, शेवटी परत चाचणी घ्यायची आणि दोन्हीतले गुण ताडून बघायचे. शेवटच्या चाचणीला जी मुलं नसतात, त्यांना काढून टाकायचं. सगळे काढतात. प्रबंधात एक ओळ लिहायची, 'अनुपस्थित विद्यार्थ्यांची माहिती विश्लेषणातून वगळली आहे', की झालं काम. ही ओळ कुणी वाचत नाही. सर तेवढीच वाचायचे.

बहिःस्थ परीक्षक म्हणून ते तोंडी परीक्षेला आले की पोरं घाबरायची. एक जण कोट-टाय घालून, पेढ्यांची ऑर्डर देऊन आला होता. सरांनी त्याचा प्रबंध मागून उघडला. भडंग खात खात पानं उलटली आणि विचारलं, "गळालं कोण?"

"सर, काही विद्यार्थी अनुपस्थित होते. नियमानुसार वगळले."

"नावं?"

"नावं गोपनीय ठेवायची असतात सर."

"मला नका सांगू की. तुम्हाला ठाव हायत काय, तेवढंच सांगा."

तो गाईडकडं बघायला लागला. सर म्हणाले, "जावा, बघून या. आम्ही बसतोय हितंच." दुसरे परीक्षक घड्याळाकडं बघायला लागले. शेवटी विभागप्रमुखांनी सरांची कशीबशी समजूत घातली. त्यानंतर विद्यापीठांनी त्यांना बोलावणं बंद केलं. काही जण तोंडावर म्हणायचे, सर सरकले. माझ्या वेळीसुद्धा त्यांनी मला एका एका गळालेल्या पोराच्या दारात पाठवलं आणि तोवर सही दिली नाही. आई-अब्बांपुढं मी सरांच्या नावानं जे काही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या घरी पलंगावर जगभरातल्या शोधनिबंधांचे गठ्ठे असायचे. नवरा-बायको खाली सतरंजीवर झोपायची. काकू म्हणायच्या, "पलंग मोबाईलवाल्यांना दिलाय बाई, आमचं काय, आम्ही पडतोय कुठंबी." गठ्ठे दोन. ज्या निबंधात सगळं छान छान झालंय, त्या गठ्ठ्याला सर 'आनंदीआनंद' म्हणायचे. तो उंच होता, पंखा लावला की फडफडायचा. ज्यांनी गळालेल्या मुलांमागं जाऊन चार ओळी तरी लिहिल्यात, त्यांचा दुसरा गठ्ठा. तो इतका बारका की काकूंनी एकदा त्यावर चुकून गरम पातेलं ठेवलं होतं.

एका ग्रंथाच्या संपादकांनी त्यांना या सगळ्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण लिहायला सांगितलं होतं. सरांनी गळालेल्या मुलांवरच अख्खं प्रकरण लिहून पाठवलं. आधी लोकांनी फोन आहे का ते मोजलं, मग फोन आवडतो का ते मोजलं, मग गुण मोजले. फोन घरात कुणाचा आणि तो कुणाच्या हातातून कुणी काढून घेतला, हे कुणी मोजलं नाही, असं काहीतरी त्यात होतं. संपादकांनी ते परत पाठवलं. फार एकांगी आहे, म्हणाले.

पण सर आधी असे नव्हते. मी पाहिलंय ना त्यांना. भडक शर्ट, हातात नवाकोरा फोन, स्कूटर लावायच्या आधीच मोठ्यानं हाक, "काय भावा, बरं हाय न्हवं?" मिसळ खाताना कटाचा फोटो, पोरांबरोबर फोटो, रंकाळ्यावर फोटो. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा सगळे हातावर हात धरून बसले होते, सर मात्र स्कूटरवरून हुपरीला जाऊन एका शाळेचा नववीचा वर्ग प्रयोगासाठी मागून आले. विज्ञानाचे धडे ते स्वतः फोनवर बोलून, चित्रं काढून पाठवायचे. सगळ्या वर्गाचा एक ग्रुप. कोण कधी उत्तर देतंय याची नोंद मी ठेवायची.

मुख्याध्यापक दबकत म्हणाले होते, "सर, मुलींचा ग्रुप येगळा करूया काय?"

सर हसले. "का वो? वर्गात एकत्र बसत्यात, मग फोनात काय वाघ खातोय व्हय?"

मीसुद्धा हसले होते. त्यात वाईट काय होतं सांगा. पोरं एकमेकांना अडलेलं विचारतील, एकमेकांकडून शिकतील, हाच तर मोबाईलचा फायदा म्हणून सगळं जग लिहीत होतं. सरांनी त्यात एक खेळ घातला. प्रश्न टाकायचा, आणि जो पहिल्यांदा बरोबर उत्तर देईल त्याच्या नावापुढं चांदणी. चांदण्या बहुतेक एकाच पोरीला मिळायच्या. शीतल तिचं नाव. हुपरीत घरोघरी असतं तसं तिच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम. फोन मोठ्या भावाचा, त्यावर व्यापाऱ्याकडून नक्ष्या यायच्या. भाऊ जेवायला बसला की तेवढ्यात ही उत्तरं द्यायची. उत्तराखाली लिहायची, 'सर बरोबर हाय का लवकर सांगा दादाचं जेवण होत आलं'. सर ते वाचून खूश. मला म्हणायचे, "ही बघ गं, ही पोरगी शास्त्रज्ञ हुणार."

शाळा उघडल्या, शेवटची चाचणी झाली, गुण भरपूर वाढलेले. शीतल त्या दिवशी नव्हती. आजारी असेल, लग्नाबिग्नाला गेली असेल असं धरून सरांनी रीतीप्रमाणे ती ओळ लिहिली: एक विद्यार्थिनी अनुपस्थित असल्याने तिची माहिती वगळली. निबंध छापून आला, गाजला, त्याला बक्षीस मिळालं. आणि हुपरीच्या त्या शाळेनं सरांचा सत्कार ठेवला.

शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. पोरं सतरंजीवर बसलेली. सर माईक घेऊन म्हणाले, "आमची चांदणीवाली कुठाय? शीतल! उठ की गं, सत्कार तुझा व्हायला पायजे!"

कुणी उठेना. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग पुढच्या ओळीतली दोन वेण्यांची एक पोरगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, तिची शाळा बंद केली. तुमच्या ग्रुपमुळं."

"खाली बस गं," मुख्याध्यापक ओरडले.

"थांबा," सर म्हणाले. "बोलू दे तिला."

तिनं सांगितलं ते एवढंच. वर्गातल्या एका पोरानं शीतलला ग्रुपबाहेर, थेट तिच्या नंबरवर विचारलं होतं, पाण्यात बुडवलेली पेन्सिल मोडल्यासारखी का दिसते. शीतलनं सगळं नीट समजावून लिहिलं. पोरानं उत्तरादाखल थँक्यू लिहिलं आणि खाली एक गुलाबाचं फूल टाकलं. फोन भावाचा. भावानं आधी फूल बघितलं.

"बास? तेवढंच?" सरांनी विचारलं.

"तेवढंच सर. लई मारलं तिला."

सरांनी फेटा उतरवला, शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली आणि व्यासपीठावरून खाली उतरले. मी मागं पळाले. त्या वेण्यांच्या पोरीनं आम्हाला शीतलच्या दारापर्यंत आणून सोडलं.

बाहेरच्या खोलीत काम चाललं होतं. तारेच्या बारीक कड्या चिमट्यानं एकमेकींत अडकवायच्या, त्यांची साखळी करायची. भिंतीकडं तोंड करून एक पोरगी बसली होती. आम्ही आलो तरी तिनं मान वर केली नाही, हात चालूच. तिच्या वडलांना सगळे अण्णा म्हणायचे. शांत माणूस. पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला.

सर म्हणाले, "अण्णा, त्या फुलाचा अर्थ थँक्यू असाच होता वो."

"असंल की. मी कुठं न्हाय म्हणालोय?" अण्णा म्हणाले. "पर ते गल्लीला कोण सांगणार? घरात फोन आला, आन् फोनातनं हे आलं."

"चूक माझी हाय. ग्रुप मी काढलाय. तिला का शिक्षा?"

"तुमची कायबी चूक न्हाय सर. तुम्ही तुमचं काम केलासा. आता आम्ही आमचं करालोय."

एवढं शांतपणे म्हणाले ते, की माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या अब्बांनी मला कागलहून कोल्हापूरला शिकायला पाठवताना फोन हातात दिला होता आणि 'पोचलीस की कर' एवढंच म्हणाले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी हातानंच गप्प केलं. त्यांनी खिशातला तो महागडा फोन काढला, उठून बाहेर गेले, आपल्या चपलेत ठेवला आणि परत आत येऊन अण्णांपुढं मांडी घालून बसले. "हा परत तुमच्या घरात येणार न्हाय. मी येतो. रविवारी. तिला शिकवतो. दहावीला बसवूया."

अण्णांनी भिंतीकडच्या पोरीच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "शाळंत पाठवणार न्हाय. हितं बसून काय शिकवायचं ते शिकवा. पर हात थांबाय नकोत तिचं."

पुढच्या रविवारी सर एस.टी.नं आले तेव्हा बटनांचा फोन घेऊन आले. स्मार्टफोन त्यांनी भाच्याला देऊन टाकला होता.

ते रविवार मी पाहिलेत. सर भिंतीला टेकून दहावीचं विज्ञान मोठ्यानं वाचायचे, शीतल कड्या जोडत ऐकायची. लिहायला हात मोकळा नसायचा, म्हणून गणितं तोंडी. कुठं अडलं की तिचे हात थांबायचे, लगेच आतून आईची हाक, "शीतल!" शेवटी सरांनी चिमटा उचलला आणि स्वतः कड्या जोडायला शिकले. म्हणजे ती वहीत लिहीत असेल तेवढा वेळ तिच्या वाटणीचं काम हे करणार. चष्मा कपाळावर सारून, जीभ दातांत धरून, प्राध्यापक महाशय पैंजणाची साखळी जोडतायत. पहिल्या पहिल्यांदा अण्णा ते सगळं उसवून परत करायला लावायचे. मग मात्र गपचूप घ्यायला लागले.

शीतल हळूहळू बोलायला लागली. एकदा तिनं विचारलं, "सर, तुमच्या त्या छापलेल्या लेखात मी हाय?"

"हायस," सर म्हणाले. "नाव न्हाय."

"मग काय लिवलायसा?"

सरांनी चिमटा खाली ठेवला. "गैरहजर."

"मी कुठं गैरहजर होतो?" आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी ती म्हणाली. "मी तर हितंच होतो की."

 दुसऱ्या दिवशी सरांनी त्या अंकाच्या संपादकांना लिहिलं की माझ्या निबंधात दुरुस्ती करा, एक मुलगी माझ्या प्रयोगामुळं शाळेतून गेली आहे. उत्तर आलं: एका विद्यार्थिनीमुळे निष्कर्षात फरक पडत नाही. सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. न्हाय पडत फरक."  मला रडू आवरेना, म्हणून मी काकूंना मदत करायचं निमित्त करून आत गेले.

दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. अण्णांना तयार करायला सरांनी जीभ झिजवली. "सही करा अण्णा, पुढचं पुढं बघू," असं करत एका रविवारी सही झाली. फॉर्मवर मोबाईल नंबर हवाच होता. दादाचा नंबर द्यायला शीतल तयार नव्हती, म्हणून सरांनी आपला घातला. शीतलनं तो पाढ्यासारखा पाठ केला. सर कडी हातात घेऊन मध्येच विचारायचे, "नंबर म्हण," आणि ती चिमट्यावरची नजर न काढता म्हणून दाखवायची. सर तिला सांगायचे, "कवाबी कर. कुठनंबी कर. ह्यो फोन बंद पडत न्हाय."

परीक्षेच्या आदल्या रविवारी 'घरात पावणं हायत, येऊ नका' असा अण्णांचा निरोप आला होता. पहिला पेपर मराठीचा होता. सर आणि मी केंद्राच्या फाटकाशी उभे. सरांनी तिच्यासाठी पेन, पट्टी, पाण्याची बाटली असं सगळं आणलं होतं, पिशवीत काकूंनी दिलेला दहीभात. पोरं येत होती, आया कपाळाला अंगारा लावत होत्या. घंटा झाली. फाटक बंद झालं. सर वॉचमनला म्हणाले, "जरा थांबा की, हुपरीची गाडी लेट असती." वॉचमन म्हणाला, "सर, हुपरीची गाडी कवाच आली."

आम्ही तसेच हुपरीला गेलो. बाहेरच्या खोलीत काम चालू होतं, भिंतीकडची जागा रिकामी. आई दारात आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "दिली तिला. गेल्या आठवड्यात. निपाणीच्या पलीकडं. चांगलं स्थळ हाय सर, दोनवेळचं खाऊन सुखी हाय."

"गाव कुठलं?" सरांनी विचारलं.

तिनं मान हलवली आणि आत गेली. अण्णा बाहेर आलेच नाहीत.

तिचं लग्नाचं वय बसत नव्हतं. मी सरांना हाताला धरून पोलिसांत नेलं. साहेबांनी विचारलं, मुलगी कुठाय? तेच तर माहीत नव्हतं. सीमेपलीकडं, कर्नाटकात म्हटल्यावर त्यांनी हात वर केले. आईबाप म्हणाले, पोरगी आत्याकडं गेलीय. मी महिला मंडळं, बालकल्याणवाले, सगळी दारं ठोठावली. दोन्ही राज्यांची माणसं एकमेकांकडं बोट दाखवत राहिली. निपाणीच्या आसपासची गावं सर रविवारी पालथी घालायचे. एस.टी. स्टँडवर चहाच्या गाड्यावर विचारायचे, "हुपरीची नवी सून कुठं आल्या काय हो?" कोण सांगणार?

म्हणून तो फोन. तिच्या हातात त्यांच्याकडं पोचायची एकच वाट होती, पाठ केलेला तो नंबर. सर झोपताना फोन उशाला घ्यायचे. कंपनीचा असो, राँग नंबर असो, प्रत्येक फोन पहिल्या घंटेला उचलायचे आणि शेवटपर्यंत ऐकायचे. तरीही दुसऱ्या कुणाच्या घरात फोन न्यायचा नाही हा अण्णांना दिलेला शब्द त्यांनी सगळ्या जगाला लागू केला होता. या दोन्हींच्या कात्रीत तो माणूस कायम दाराजवळ बसलेला असायचा. कुत्र्यामागं अनवाणी पळाले ते का पळाले, हे खिडकीत हसणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी हसले. माणूस पळताना दिसला की हसूच येतं.

ती कधी फोन करेल असं मला वाटत नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं. सर चिडले नाहीत. म्हणाले, "हुशार हाय गं ती. नंबर इसरायची न्हाय. फोन हातात घावायची खोटी हाय."

एका थंडीत सर गेले. सकाळी दूध आणायला म्हणून निघाले आणि जिन्यातच बसले. बसताना चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या, फोन उजव्या चपलेत होता. काकूंनी तो बरेच दिवस चार्जरला लावून ठेवला होता. मग लेकीनं त्यांना पुण्याला नेलं. घर बंद झालं, पलंगावरचे गठ्ठे मी माझ्याकडं आणले, आणि फोन कुठल्यातरी खोक्यात गेला. रिचार्ज कुणी केला नाही. कोण करणार होतं? गेलेल्या माणसाचा फोन चालू ठेवायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येतं?

दर शिक्षक दिनाला मी सरांना फोन करायची. ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या शिक्षक दिनाला माझ्या वर्गातल्या मुलींनी मला फूल दिलं, गुलाबाचंच. मला एकदम भरून आलं. मी व्हरांड्यात आले आणि लागणार नाही हे माहीत असून सरांचा नंबर फिरवला.

फोन लागला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "बोला की."

मी फोन कानावरून काढून नंबर परत बघितला, सरांचाच. "कोण बोलतंय?"

"तुम्ही फोन लावलाय, तुम्हीच सांगा कोण पायजे. मलकापुरात टेंपो हाय आपला. भाडं हाय काय?"

मी कसंबसं सांगितलं की हा आमच्या सरांचा नंबर होता, ते वारले.

"अरारा," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला. "मला हे कार्ड पावसाच्या आधी मिळालं बघा. तरीच म्हणलं. एक बाई सारखी फोन करायची. पोरगीच असंल, आवाज बारका. सर हायत काय, सर हायत काय. हळू बोलायची, मागं कोण असल्यागत. मी सांगायचो राँग नंबर हाय बाई. तरी परत करायची. एकदा गाडी घाटात हुती, तवा वराडलो मी तिच्यावर. मग न्हाय आला."

"तिचा नंबर हाय तुमच्याकडं?"

"दरवेळी येगळा असायचा मॅडम. कुणाकुणाचा मागून करत असंल. आन् राँग नंबर कोण ठेवतंय?"

 मग तोच पुढं म्हणाला, "एक मात्र सारखं सांगायची. म्हणायची, सरांना एवढं सांगा, यंदा फॉर्म भरायचा हाय."

मी त्याला माझा नंबर दिला. परत फोन आला तर हा नंबर सांगा म्हणून हात जोडले. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, तरी जोडले. भला माणूस, मध्ये एकदा आपण होऊन फोन करून सांगितलं की अजून काही नाही आला.

तेव्हापासून अनोळखी नंबरचा फोन मी सोडत नाही. तास चालू असला तरी उचलते, मुली आपापसात खुसखुसतात. विम्यावाल्या करतात, प्लॉटवाले करतात, कुणीही करतं. हॅलो म्हणायच्या आधी माझ्या तोंडातून जातं, "कोण, शीतल?"

पलीकडची बाई घुटमळते. मग म्हणते, "नाही मॅडम, शीतल इथं कुणी नाही."